तामोरेकाका आणि वरचा सूर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत त्यांचं नाव सदानंद धर्माजी तामोरे, राहणार चिंचणी. आईवडिलांचं ऋण वेगळं. ते प्रत्येकाच्याच डोक्यावर असतं. पण वसमतच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या माणसाच्या मुलाला बोईसरच्या कारखान्यात कोणी उभं केलं, असं विचारलं तर मी हेच नाव सांगतो. आणि त्यांना तिथून कोणी उठवलं, असं विचारलं तर मला माझं सांगावं लागतं.

मुलाखतीला गेलो तेव्हा मॅनेजर साहेबांनी माझी प्रमाणपत्रं पाहिली आणि मला तपासणी खात्यात पाठवलं. तिथे एक बुटका, काळासावळा, पांढऱ्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातला माणूस बसला होता. त्याने माझ्यासमोर पोलादी पिन आणि मायक्रोमीटर ठेवला. "माप." मी मापलं, आकडा सांगितला. त्याने चार पिना आणखी दिल्या, त्यांचेही आकडे लिहून घेतले. मग म्हणाला, "पयलीच पिन तुला चौथी म्हणून परत दिली होती. तू दोन येगळे आकडे सांगितलेस. आता मी कुठल्या ग्रॅज्युएटला नोकरी देऊ? पयल्या की चौथ्या?" खोलीतले दोन कामगार हसले. मी उठून जायला लागलो, तेव्हा मागून आवाज आला, "कुठं चाललास? खोटं बोलला नायस ना? दुसरे येतात ते पयला आकडा लक्षात ठेवतात नि तोच परत सांगतात. उद्या आठला ये."

त्या दिवसापासून नोकरीभर तामोरेकाकांनी मला 'ग्रॅज्युएट' म्हटलं. नामदेव हे माझं नाव त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलं असेल.

तामोरेकाका चिंचणीच्या मच्छीमार घरातले. पण त्यांना समुद्र लागायचा. होडी खाडीबाहेर पडली की ओकायला सुरुवात. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना सगळ्या खलाशांसमोर होडीतून किनाऱ्यावर उतरवलं आणि सांगितलं, बायांबरोबर बोंबील वाळत घाल. ते पालघरला फिटरचं काम शिकले आणि बोईसरला लागले. आमच्या कारखान्यात लहान बेअरिंग बनतात. शेवटची तपासणी काकांची. यंत्रावर बेअरिंग फिरवायचं, पोलादी सळईचं एक टोक त्याला लावायचं आणि दुसरं कानाला. खराब असलं तर आत घरघर ऐकू येते. हे काम करायला आता यंत्रं आली आहेत. आमच्याकडेही एक होतं. पण काकांनी पास केलेला माल कधी परत आला नव्हता, म्हणून ते यंत्र कपड्याखाली झाकलेलं असायचं.

चुकणाऱ्याला बाजूला घेऊन सांगणं त्यांना माहीत नव्हतं. माझ्या दुसऱ्या वर्षी ट्रक दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी चाळीस खोक्यांवर न मापता सही केली. काकांनी ट्रक थांबवला. चाळीसही खोकी जमिनीवर ओतली. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या कामगारांच्या डब्यांमध्ये मला मांडी घालून बसवलं आणि एकेक नग मापून आकडा मोठ्याने वाचायला लावला. "जोरात बोल. पदवी घेताना टाळ्या वाजल्या असतील ना? ते पण ऐकू देत." एक बिहारी पोरगा हसला तर त्याच्यावर फिरले, "तू क्या हँसता है? कल तू बैठेगा इधर." संध्याकाळ झाली. बावीस नग खराब निघाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब माझं नाव काढून टाकायला निघाले होते. काका त्यांच्या केबिनच्या दारात उभे राहिले. बसले नाहीत. "खातं माझं हाय. कागदावर माझं नाव लिवा. त्याचं लिवलंत तर मी उद्यापासून येत नाय." ठपक्याच्या कागदावर त्यांचं नाव लागलं, त्यांची त्या वर्षीची पगारवाढ गेली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या संध्याकाळी फक्त म्हणाले, "रविवारी दुपारी घरी ये. कान घेऊन ये."

असा मी त्यांच्या ग्रामोफोन रेकॉर्डांपर्यंत पोचलो.

चिंचणीच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत एक दगडी चौथरा होता, आणि चौथऱ्यावर त्यांनी स्वतः लेथवर कातलेली, रेकॉर्ड फिरवायची जड थाळी. थाळीच्या तीन बाजूंना तीन खुंट. प्रत्येक खुंटावर एक वेगळा टोनआर्म. सुई धरणारा तो दांडा, ज्याला काका नुसतं 'हात' म्हणत. एक कुठल्याशा रेडिओ केंद्राच्या भंगारातून आलेला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत भरेल एवढा लांब. दुसरा एकाच टोकदार खिळ्यावर उभा. खिळ्याभोवती घट्ट तेलाची वाटी, आणि त्या तेलात तो नांगरलेल्या होडीसारखा हलके डोलायचा. तिसरा सगळ्यात विचित्र. तो वळायचाच नाही, एका छोट्या रुळावरून दोऱ्याने ओढला जात सरळ आत सरकायचा. "बाकीचे हात खुंटाभोवती वळतात, म्हणून सुई तिरकी होते," काका सांगत. "ह्यो सरळ चालतो. सरळ चालणारा महाग पडतो आणि सारखा बिघडतो. तुला कळेल पुढं." हातांच्या मागच्या टोकाला तोल सांभाळायला वजन लागतं. मूळ वजनं हरवलेली होती. काकांनी तिथे वडिलांच्या जाळ्याची शिशाची गोळी कानसून बसवली होती.

ते हात विकत घेऊन मिरवायचे नाहीत. सतत उघडायचे, तोलायचे, नळी बदलायचे. एकाला त्यांनी बांबूची नळी बसवली, एकाला सुरूच्या लाकडाची. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "रेकॉर्डमधे काय हाय ते सुईला ठाऊक. पण सुई बोलत नाय, हात बोलतो. आणि हात आपलं पदरचं घालतोच. कोण कमी घालतो ते बगायचं, बाकी काय?"

रविवारी तिघं-चौघं जमायचे. बोईसरच्या वसाहतीत राहणारे इंजिनीअर देशपांडे, पाम गावचे निवृत्त शिक्षक राऊत गुरुजी, आणि काकांचा लहानपणापासूनचा दोस्त भास्करकाका, ज्यांची स्वतःची मच्छीमारी बोट होती. थाळीसमोर काकांच्या बायकोच्या, हिराकाकूंच्या, जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा. पडद्यामागे काका हात बदलायचे, बाहेर आम्ही ऐकायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, कुठला हात, काय ऐकू आलं. मग काका चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचे. "देशपांडे लिवतात, 'आवाज अधिक मोकळा'. साहेब, हात तोच होता. मी फक्त खुर्ची सरकवली." राऊत गुरुजींच्या चिठ्ठीवर, "गुरुजी, ह्यो निबंध झाला. कान कुठाय त्यात?" माझ्या चिठ्ठीला तर ते वाचण्याआधीच हसायला लागायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हिराकाकू मासे साफ करत बसलेल्या असत. त्या आमच्याकडे कधी बघत नसत.

देशपांड्यांनी एकदा चाचणीची तबकडी आणली. तिच्यावर गाणं नाही, नुसती शिट्टी. टप्प्याटप्प्याने बारीक बारीक होत जाणारी, शेवटी केसासारखी. शिट्टी ऐकू येते तोवर ऐकणाऱ्याने आपला हात वर धरायचा, थांबली की खाली. कुठला टोनआर्म बारीक सुरापर्यंत पोचतो ते यावरून कळतं. पहिल्याच फेरीत भास्करकाकांचा हात सगळ्यांच्या खूप आधी खाली आला. तीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसलेला माणूस. काका पडद्यातून डोकं काढून म्हणाले, "भास्कर, तुझे कान इंजिनात पडले रे. तू आता चहालाच येत जा."

आम्ही हसलो. मीही हसलो. भास्करकाकांनी ते खरं धरलं. पुढच्या रविवारपासून ते पाचला यायचे, ऐकणं संपल्यावर. आत यायचे नाहीत, ओट्यावर बसून चहा प्यायचे. दोन वर्षं हे चाललं. काकांनी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही.

मग ते वर्ष आलं, ज्यात काकांना कुठलाच हात पसंत पडेना. लांब हात खोलून ठेवला. "वरचा सूर मेलाय यातला." तेलातला हात तीन वेळा धुतला, तेल बदललं, तरी वरचा सूर मेलेलाच. बांबू काढला, सुरू काढलं. मुंबईच्या जुन्या बाजारात चकरा झाल्या. उदवाड्याच्या एका पारशी घरातून त्यांनी पेटीत बंद असलेला एक हात आणला, वडाच्या पारंबीसारखा वाकडा. त्याच्यावर दोन महिने बसले. "देशपांडे, तुमच्या कंपन्या सुया पण भंगार करायला लागल्या." आम्हाला सगळे हात चांगले वाटत होते. तसं बोलायची कोणाची हिंमत नव्हती. कारखान्यात ते सारखे "जोरात बोल" म्हणून अंगावर यायचे. ती त्यांची रीतच, असं आम्ही धरून चाललो.

त्याच सुमारास एक अख्खी खेप गिऱ्हाइकाकडून परत आली. तक्रार एकच, आवाज करतात. काकांनी पास केलेली खेप. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं, दार लावलं. "नामदेव, तू त्यांच्या घरी जातोस. त्यांना ऐकू येतं का नीट? मला लेखी नको, पण खात्रीचं सांग."

माझ्यापुढे तेव्हा दोन रस्ते होते. कारखान्यातली तपासणीची खोली दुपारी रिकामी असते. तिथे त्यांना एकट्याला विचारता आलं असतं. मी रविवार निवडला.

त्या रविवारी काकांनी वाकडा हात पक्का बसवला होता आणि चाचणीची तबकडी बाहेर काढली होती. मी म्हणालो, "काका, आज मी लावतो. तुम्ही बसून ऐका." इतक्या वर्षांत ते पडद्याच्या पुढे कधी बसलेच नव्हते. सगळ्यांचे कान तपासणाऱ्या माणसाचा कान कोणी तपासला नव्हता. ते खूश झाले. "बग, ग्रॅज्युएट शिकला. सुई हळू ठेव. बायकोचा हात धरल्यासारखी."

मी सुई ठेवली आणि पडद्याच्या फटीतून बघत राहिलो. काकांनी डोळे मिटले, हात वर केला. देशपांडे आणि गुरुजींनीही. शिट्टी वर चढत गेली. पाचवा टप्पा, सहावा. काकांचा हात शांतपणे खाली आला. डोळे मिटलेलेच. समाधानाने म्हणाले, "संपली. चांगला पोचला. पुढचा लाव."

शिट्टी चालू होती. मला ऐकू येत होती. देशपांड्यांचा हात वर होता, सत्तरीच्या गुरुजींचाही वर होता. काकांनी डोळे उघडले आणि ते दोन हात बघितले. त्यांच्याकडे बघत राहिले.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. हात वर करून ते देशपांड्यांच्या हाताकडे बघत होते. देशपांडे काकांच्या हाताकडे बघत होते. गुरुजी दोघांकडे. सातवा टप्पा गेला, आठवा, नववा. शिट्टी संपली, सुई कोऱ्या रेघेत फिरत राहिली. कोणाचाही हात खाली येईना. काका या दोघांचे हात खाली यायची वाट बघत होते, आणि हे दोघे त्यांची लाज राखायला काकांचा हात खाली यायची. तीन माणसं खोलीत हात वर करून काहीही न वाजणारं ऐकत बसली होती. मी सुई उचलू शकलो असतो. उचलली नाही.

"अवो, संपलंय ते कवाच," हिराकाकू उंबऱ्यावरून म्हणाल्या. "हात खाली घ्या."

तेवढ्यात ओट्यावरून हसणं ऐकू आलं. भास्करकाका त्या दिवशी लवकर आले होते आणि खिडकीतून सगळं बघत होते. "सदू," ते म्हणाले, "ये भायेर. माझ्या बाजूला जागा हाय."

काका उठले, पडदा बाजूला केला आणि माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. त्यांना दिसलं असावं. "मॅनेजरनं पाठवलं?" मी होकाराची मान हलवली. "मग सांग त्याला," ते म्हणाले. "माप बरोबर घेतलंस तू. आता ह्या घरात परत येऊ नको, नामदेव."

मी चपला घालत होतो तेव्हा हिराकाकू जवळ आल्या, हात माशांनी भरलेले. "वरीस झालं, दाराची कडी वाजलेली त्यांना कळत नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, बदलू दे हात किती बदलायचेत ते. कुणाचं काय जातंय? तुला एवढंच पायजे होतं तर मला इचारायचं होतंस. चार माणसांत कशाला?"

सोमवारी मी मॅनेजर साहेबांना सांगितलं. पंधरा दिवसांत शाल आणि श्रीफळ झालं. काकांनी भाषण केलं नाही. तपासणीत कानाला लावायची सळई ते सोबत घेऊन गेले. ती कारखान्याची होती, पण कोणी मागितली नाही. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो आणि झाकलेल्या यंत्रावरचा कपडा काढला. राऊत गुरुजी एकदा बोईसरच्या बाजारात भेटले. म्हणाले, सगळे टोनआर्म त्यांनी खोलून तेलकट कागदात बांधले. थाळी मात्र रोज दुपारी चालू करतात. तिच्यावर हात नाही, रेकॉर्ड नाही, नुसती फिरत असते आणि ते समोर बसलेले असतात. रविवारी तिथे आता कोणी जात नाही.

चार महिन्यांनी मला एक गोष्ट कळली आणि मी काकांना पत्र लिहिलं. फोनवरचं बोलणं त्यांना नीट कळत नाही, आणि घरी जायची मला मनाई आहे. पोस्टात टाकून सहा महिने झाले. बोईसरहून चिंचणीला रिक्षाने अर्धा तास लागतो. उत्तर आलेलं नाही. माझ्याकडे राहिलेल्या कच्च्या कागदावरून ते पत्र इथे उतरवतो.

तीर्थस्वरूप तामोरेकाका यांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही पास केलेली जी खेप परत आली होती, तिच्यात दोष नव्हता. गिऱ्हाइकाच्या गोदामात पाणी शिरलं होतं, खोकी भिजली होती. त्यांनी ते आत्ता कबूल केलं. त्या खेपेतले काही नग आपल्याकडे शिल्लक होते, कोरडे. मी ते यंत्रावर लावून पाहिले. सगळे चांगले आहेत.

मी फिजिक्सचा पदवीधर आहे. बेअरिंगची घरघर खालच्या सुरात असते आणि तबकडीवरची शिट्टी वरच्या, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. वरचा सूर गेलेल्या माणसाला खालचा ऐकू येतो. तुमच्या कामाला लागणारा कान शाबूत होता. जो कान मी मोजला, तो कामाचा नव्हताच. तुम्ही म्हणालात, माप बरोबर घेतलंस. ते बरोबर नव्हतं.

हे मी मॅनेजर साहेबांना तोंडी सांगितलं, नंतर लेखीही दिलं. ते म्हणाले, आता जुनं उकरून काय करायचं, यंत्र चाललंय ना. देशपांडे साहेब, राऊत गुरुजी आणि भास्करकाका यांना मी स्वतः भेटून सांगितलं. भास्करकाका उठून आत गेले.

दुसरी गोष्ट. मी तुम्हाला एकट्याला विचारू शकलो असतो. जेवणाच्या सुट्टीत मला चाळीस खोक्यांसमोर बसवलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. त्याच चुकीपायी जाणारी माझी नोकरी तुम्ही वाचवली, तेही विसरलो नव्हतो. त्या रविवारी मला पहिलं जास्त आठवलं. शिट्टी संपल्यावर सुई उचलायची नाही, हे मी ठरवून केलं.

तुमचे हात खराब नाहीत. लांब, तेलातला, रुळावरचा, उदवाड्याचा, चारही वरच्या सुरापर्यंत पोचतात. मी स्वतः ऐकलं आहे. कृपा करून ते भंगारात देऊ नका.

तुम्ही विचारणार नाही, पण विचारलंत तर खरं उत्तर द्यायचं म्हणून लिहितो. तुमची खुर्ची मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. वडिलांनी पोती उचलणं थांबवलं आहे, आईवडील दोघंही आता माझ्याजवळ बोईसरला राहतात, धाकटी बहीण कॉलेजात आहे. हे सगळं त्या खुर्चीवर चाललं आहे.

हिराकाकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
नामदेव